हीटरला ठिबक

खानदेशात जुनी गाडी विकत घेणारा माणूस टायरला लाथ मारून बघतो, सीट दाबून बघतो, दार तीनदा आपटतो आणि हॉर्न तर वाजवतोच वाजवतो. पण "हीटर चालतो का?" असं कुणी विचारल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. विचारणार तरी कशाला? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर चढतो. त्या दिवसांत उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं स्टिअरिंग उपरण्याशिवाय धरता येत नाही, आणि सीटबेल्टचं लोखंडी टोक उघड्या दंडाला लागलेला माणूस पुढचे दोन दिवस तो डाग सगळ्यांना दाखवत फिरतो. अशा मुलखात गाडीत आणखी एक शेगडी कुणाला हवी आहे?

त्यातून आपल्याकडच्या जुन्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी मानानं बसवलेला पाहुणा, हे दोघं बारा महिने इंजिनावरच विराजमान असतात. आमच्या पहूरहून जळगाव चाळीसेक किलोमीटर. तेवढ्या वाटेत खालून इतकी ऊब येते, की उतरलेला पाहुणा यजमानांनी "बसा बसा" म्हटलं तरी बराच वेळ उभ्यानंच गप्पा मारतो.

तरीही हीटर असतो. डॅशबोर्डवर त्याची एक आडवी दांडी असते, डावीकडे निळा पट्टा, उजवीकडे लाल. आमच्या शेजारच्या नानांच्या व्हॅनमध्ये ती दांडी कित्येक वर्षं निळ्या टोकाला ठाण मांडून होती आणि तिच्यावर नानांच्या चष्म्याचं घर लटकत असे. नाना रिटायर मास्तर. गाडीतली प्रत्येक वस्तू कशाच्या तरी उपयोगी पडलीच पाहिजे, हा त्यांचा नियम, आणि हीटरचा तेवढाच उपयोग त्यांना सापडला होता.

हीटर म्हणजे खरं तर वेगळी शेगडी नव्हे. इंजिन गार राहावं म्हणून त्याच्या अंगातून पाणी खेळवलेलं असतं. ते तापून रेडिएटरमध्ये जातं, वारा खाऊन परत येतं. त्याच पाण्याचा एक फाटा दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या पोटात जातो. तिथं एक जाळी असते, दिसायला रेडिएटरसारखीच, पण वहीएवढी. मागे पंखा. पंखा फिरला की जाळीतली ऊब माणसांच्या अंगावर येते. अमेरिकेत १९३८ साली नॅश कंपनीनं बाहेरची ताजी हवा अशा गरम पाण्यावर तापवून आत सोडायची सोय केली, आणि तिकडच्या लोकांना मोटारीत ओव्हरकोट काढून बसता येऊ लागलं. जर्मनांची १९५० ची फोक्सवॅगन व्हॅन याच्या उलट. तिचं इंजिन मागे आणि आत पाण्याचा थेंब नाही, सगळं हवेवर गार. गळायला मुळात काही नव्हतंच, पण मागून निघालेली ऊब पुढच्या माणसापर्यंत पोचताना पार थकून जायची. एकूण काय, ज्यांना थंडी वाजत होती त्यांनी डोकं चालवलं आणि ज्यांना वाजत नव्हती त्यांना हीटर गाडीबरोबर आपोआप आला.

अर्थात खानदेशात थंडी नाही असं म्हटलं तर खानदेशी माणूस रागावेल. जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, शेतांत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि भरीत-पुरी खायला पुण्या-मुंबईचे नातेवाईक न बोलावता येतात. अशाच एका भरिताच्या पार्टीहून रात्री परतताना नानांच्या पुण्याच्या नातवानं पुढे वाकून चष्म्याचं घर काढलं आणि ती दांडी लाल टोकाला सरकवली. आतून 'कट' असा आवाज आला. मग पंख्यातून आधी धूळ आली, नंतर एक वाळलेलं पान आलं आणि त्यानंतर चक्क गरम वारा आला. व्हॅनमध्ये टाळ्या पडल्या. आपल्या गाडीत असं काही आहे हे नानांना नव्यानं कळत होतं, पण चेहरा त्यांनी ठाऊक असल्यासारखाच ठेवला.

थोड्या वेळानं नानी म्हणाल्या, "अहो, कुणी काकवी सांडली का?"

गाडीत गोडसर वास दरवळत होता. मग समोरची काच आतून धुकटली. नानांनी उपरण्यानं पुसली तर तिच्यावर तेलकट साय धरली आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे चोवीस झाले. शेवटचा टप्पा नानांनी डोकं खिडकीबाहेर काढून पार पाडला. घरी उतरताना नानींच्या पायाखालची चटई ओली निघाली. पहिला संशय नातवाच्या पाण्याच्या बाटलीवर गेला. नातवावरही गेला. दोघंही निर्दोष होते.

गाडी जाणणारा माणूस एवढ्यावरच निदान करील. गोड वास, काचेच्या आतल्या बाजूला तेलकट धुकं, डाव्या पायाशी ओल आणि रेडिएटरचं पाणी कमी, ही चार लक्षणं एकत्र आली की जाळी फुटली म्हणून समजावं. ती दांडी पाण्याचा जो कॉक उघडते, तो वर्षानुवर्षं बंद असला की त्याच्यामागे जाळी आतून सडत बसते, आणि एखाद्या हिवाळ्यात कुणी हौसेनं कॉक उघडला की गरम पाण्याचा दाब तिला सोसत नाही. पण निदान इतकं सोपं करायचं असेल तर पहूरला राहायचं कशाला?

पहूर म्हणजे जळगाव-संभाजीनगर रस्त्यावरचं गाव. इथूनच जामनेरला फाटा फुटतो. वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत इकडे येते. गावात पेठ वेगळी, कसबे वेगळं. त्यामुळे कोणत्याही विषयावर किमान दोन मतं तर ग्रामपंचायतींच्या पातळीवरच तयार असतात. शिवाय बसची वाट बघणारे लोक कायम असतात, आणि बसची वाट बघणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीतला बिघाड ही देवानं पाठवलेली करमणूक वाटते. पूर्वी निदान पाचोरा-जामनेरची छोटी गाडी होती. अडीच फुटी रुळांवरून छप्पन्न किलोमीटर डुलत जाणाऱ्या त्या 'पीजे'कडे बघण्यात लोकांचा वेळ जायचा. २०२० साली ती बंद झाली आणि बघणाऱ्यांची सगळी शक्ती रस्त्यावरच्या वाहनांकडे वळली.

नानांनी सकाळी चहाच्या टपरीसमोर व्हॅन लावली आणि पुढची सीट उचलली. बोनेट उघडणं निराळं. सीट उचलून इंजिन दाखवायचं म्हणजे आधी सीटवरचं सगळं बाहेर काढावं लागतं. नानी बाहेर निघाल्या, नानींची पिशवी निघाली, पिशवीतली मेथी निघाली. हा संसार रस्त्यावर आलेला बघून पाच मिनिटांत टपरी रिकामी आणि व्हॅन भरलेली.

"पानी कुठी जाते नाना?"

"तेच तर बघतोय."

"हेड गेलं असीन भो," मागून एक आवाज आला. बिघाड कोणताही असो, हेड गेलं म्हणणारा एक माणूस प्रत्येक गर्दीत असतो. त्याचा चेहरा गंभीर असतो आणि त्याच्याकडे स्वतःची गाडी नसते. नानांच्या पोटात गोळा आला. हेड गॅस्केट गेलं की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, सायलेन्सरमधून पांढरा, विरत न जाणारा धूर निघतो किंवा इंजिन ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होतो, आणि खर्च जुन्या व्हॅनच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

दुसऱ्यानं सांगितलं, "काई नाई होत. हयद टाका रेडिएटरमध्ये." हळदीचा हा उपाय भारतभरच्या ट्रक ड्रायव्हरांना ठाऊक आहे. पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक भोकाशी जाऊन अडकते, फुगते आणि भोक बुजवते. अडचणीच्या वेळी, जंगलात, रात्री याचा उपयोग होतोही. पण भोक कोणतं आणि पाणी जायची मुद्दाम ठेवलेली नळी कोणती, हा भेद हळदीला कळत नाही. हीटरच्या जाळीच्या नळ्या आधीच अरुंद, त्यांना ती आधी बुजवते. तरी नाना मोहात पडले होते. कारण हळद घरची होती.

पीजेवरचे एक रिटायर गार्ड काठी टेकत आले. त्यांनी रेडिएटरच्या तोंडाभोवतीची पांढरी खपली नखानं खरवडली आणि विचारलं, "पानी कुठलं टाकता?"

"बोअरचं."

"मग इंजिनचं काई चुकलं नाई." एवढं बोलून ते चहा प्यायला गेले. त्या गर्दीत बोललं गेलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तेवढंच होतं आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळापासून रेल्वेवाल्यांना बॉयलरला गोडं पाणी लागतं हे पक्कं माहीत आहे. जड पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात, थराखाली धातू आणखी तापतो आणि खात जातो. घरातल्या गिझरची कॉइल काढून बघितलेल्या कुणालाही हे समजेल.

एका हौशी तरुणानं चटईवरच्या हिरवट थेंबात बोट बुडवलं आणि ते तोंडाकडे नेलं. गावातल्या दवाखान्याचे कंपाउंडर वेळेवर ओरडले म्हणून बरं. कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं. गोडीमुळे कुत्री-मांजरी सांडलेलं चाटतात आणि मरतात. म्हणून गळती मातीनं झाकून पाण्यानं धुवावी. यात विनोद काही नाही.

केळीच्या बागेवरून मोटारसायकलवर आलेल्या एका शेतकऱ्यानं मात्र चटईकडे, मग डॅशबोर्डखालून संथपणे पडणाऱ्या थेंबाकडे बघितलं आणि निकाल दिला, "नाना, तुमच्या हीटरले ठिबक बसलं." सारी टपरी हसली. ज्या जिल्ह्यानं थेंबाथेंबानं पाणी द्यायची विद्या देशभर नेली, त्या जिल्ह्यातली गाडी भळाभळा गळेल तरी कशी? तिनं ठिबकच गळायचं.

खरं काम मिस्तरींच्या गॅरेजमध्ये झालं. चांगल्या मिस्तरीची एक खूण सांगतो. तो पहिल्यांदा पाना उचलत नाही. आमच्या मिस्तरींनी आधी ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. "हेड ठीक आहे," ते म्हणाले, आणि नाना त्या दिवसात पहिल्यांदा खाली बसले. मग मिस्तरींनी इंजिन पार गार होऊ दिलं, रेडिएटर काठोकाठ भरलं आणि व्हॅनखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी वर्तमानपत्रं कोरडी. पाणी खाली पडत नाही, इंजिन जाळत नाही, मग आतच कुठं तरी जातं आहे. चोर घरातलाच.

शहरांतल्या वर्कशॉपमध्ये यासाठी हातपंपाचं एक यंत्र असतं. आमच्या मिस्तरींनी ते घरीच केलं होतं. रेडिएटरचं जुनं झाकण, त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला आणि त्याला पायपंप. रेडिएटरचं झाकण पाणी नुसतं झाकत नाही, ते दाबूनही ठेवतं. जुन्या गाड्यांत हा दाब साधारण ०.९ बार असतो आणि त्या दाबाखाली पाणी शंभरावर आणखी अठरा-वीस अंश चढेपर्यंत उकळत नाही. नेमका तेवढाच दाब थंड इंजिनात पायपंपानं भरायचा आणि कान लावून बसायचं. मिस्तरींनी सगळ्यांना गप्प बसवलं. पहूरच्या इतिहासात बसस्टँडजवळ इतकी शांतता क्वचितच झाली असेल. डॅशबोर्डच्या पोटातून 'सुस्स' असा बारीक आवाज आला.

"हीटर," मिस्तरी म्हणाले.

"काढून टाका," गर्दी एकमुखानं म्हणाली. "आपल्याले काय करायचं त्याचं?"

पेठ आणि कसबे यांचं एकमत झालेला तो दुर्मीळ क्षण होता. उपाय सोपा होता. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढायचे आणि एकाचं तोंड दुसऱ्याला जोडून द्यायचं. पाणी आलं तसं परत जाईल, हीटरला वाळीत टाकलं जाईल. मिस्तरींनी याला बायपास म्हटलं तेव्हा नानींचा हात नानांच्या छातीकडे गेला. त्यांना जरा वेळानं समजावलं.

पण जोडायला पितळी नळी मिस्तरींकडे त्या वेळी नव्हती. केळीवाल्या शेतकऱ्यानं खिशातून ठिबकचा सोळा एमएमचा जॉइनर काढला. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या खिशात पानाची चंची नसेल, पण जॉइनर असतोच. मिस्तरी नको नको म्हणत असताना तो पाइपांत बसलाही. माप जवळपास जुळत होतं, वर क्लिपा आवळल्या, आणि "शेतात पाच-पाच वर्षं टिकते" अशी हमी मिळाली. शेतात त्याच्यातून विहिरीचं गार पाणी वाहतं. इथं नव्वद अंशांचं, दाबाखालचं पाणी आलं. जॉइनर जळगावच्या वाटेवर, नेरी गावाच्या अलीकडेच मऊ पडला. पितळी नळी मग जळगावहून आणली गेली आणि व्हॅन हीटरविना सुखानं धावू लागली.

गोष्ट इथं संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण पुढे मे महिना आला आणि मे महिन्यात नानांचे पुण्याचे व्याही आले. अजिंठा बघायचा होता. पाहुण्यांनी मे महिन्यात अजिंठा बघू नये, हे त्यांना सांगायचं तर आतिथ्याला कमीपणा येतो. लेणी बघून झाली. फर्दापूरजवळ गाड्या थांबवून पुढे बसनं जावं लागतं, त्यामुळे तिथवर व्हॅनची परीक्षा झाली नव्हती. पण व्याह्यांना व्ह्यू पॉइंटही बघायचा होता. १८१९ च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती वरून. तिथं जायचं तर अजिंठ्याचा घाट चढावा लागतो. स्मिथ तिथं व्यवस्थित पोचला, कारण तो व्हॅननं गेला नव्हता.

अर्ध्या घाटात काटा लाल पट्ट्यात गेला. बोअरच्या पाण्यानं मोठ्या रेडिएटरच्या नळ्याही निम्म्या बुजवल्या होत्याच. सपाटीवर ते चालून गेलं, चढावर उघडं पडलं. सीटखालून ऊब कमी आणि वाफ जास्त येऊ लागली. मागून येणाऱ्या एका ट्रकच्या ड्रायव्हरनं बाजूला थांबून खिडकीतून ओरडून सांगितलं, "चाचा, हीटर खोलो! फुल!"

व्याही चरकले. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत सहा माणसं, आणि हा गृहस्थ हीटर लावायला सांगतो? त्यांना वाटलं, खानदेशात पाहुण्यांची अशी थट्टा करायची रीत असावी. पण ट्रकवाला अगदी बरोबर बोलत होता. हीटरची जाळी म्हणजे सुटं पडलेलं छोटं रेडिएटरच. इंजिन तापलं की दांडी लाल टोकाला न्यायची, पंखा पूर्ण सोडायचा, काचा खाली करायच्या. इंजिनाची थोडी उष्णता माणसांच्या अंगावर ओढून घ्यायची आणि हेड वाचवायचं. जानेवारीत ज्याच्याशिवाय शाल पांघरून भागतं, तो हीटर खानदेशात लागतो तो मे महिन्यात. या एका गोष्टीचा शोध नानांना त्या घाटात लागला, आणि हीटर तर वाळीत पडलेला.

त्यानंतर गाडी कडेला घेऊन इंजिन गार होईपर्यंत बसणं आलं. कुणीही तापलेलं रेडिएटर उघडू नये. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. ओलं पोतं झाकणावर टाकून उघडणारे शूर लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या हातावरचे डागही पाहिले आहेत. नानांनी नीट वाट बघितली. सावली एकच होती, व्हॅनची, आणि तीही गरम. व्याह्यांनी त्या वेळात आपल्या गाडीच्या एसीचं वर्णन केलं.

परत आल्यावर नाना थेट गॅरेजमध्ये गेले आणि म्हणाले, "मिस्तरी, हीटर पाहिजे." मे महिन्याच्या दुपारी उपरण्यानं घाम पुसत हीटर मागणारा माणूस पहूरनं त्याआधी पाहिला नव्हता. बातमी कसब्यात आणि पेठेत एकाच वेळी पोचली.

जाळी काढायची तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हे काम गाडीच्या पोटात हात घालण्यापेक्षा घराचा माळा आवरण्याच्या जवळचं. नानांच्या डॅशबोर्डमागून एक लग्नपत्रिका निघाली, तिच्यातल्या वधूची मुलगी आता कॉलेजात आहे. पीजेचं एक तिकीट निघालं, सुपारीच्या चिकटलेल्या पुड्या निघाल्या आणि नानींचं हरवलेलं एक कानातलं निघालं. त्याच्यावरून त्या काळी मोलकरणीवर संशय घेतला गेला होता. कानातलं बघून नानी एवढंच म्हणाल्या, "तुमच्या गाडीनं चोरी केली होती तर." हीटरची जाळी सगळ्यांच्या शेवटी निघाली, हिरवट-पांढऱ्या मिठानं माखलेली.

नशिबानं ती जुन्या चालीची, तांब्या-पितळेची होती. ॲल्युमिनियमची आणि प्लास्टिकच्या टोप्यांची असती तर गुमान नवी घ्यावी लागली असती, तिला साधी झाळ लागत नाही. जळगावच्या रेडिएटरवाल्यानं एका नळीत बोळा घातला, दुसरीतून हवा भरली आणि जाळी पाण्याच्या टाकीत बुडवली. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो अगदी तसं. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. तेवढ्या जागी झाळ दिली, आतला क्षार सौम्य ॲसिडनं धुतला, पुन्हा बुडवली. बुडबुडा नाही. मोठ्या रेडिएटरच्या टोप्या काढून त्याच्या नळ्यांतूनही सळी फिरवली. जे निघालं ते बघून नानांनी बोअरच्या पाण्याबद्दलचं आपलं मत बदललं. रबरी पाइप आणि क्लिपा नव्या घेतल्या. जुन्या रबराला वाचा असते, दाबलं की करकरतं. असं रबर पुन्हा वापरणाऱ्याला पुन्हा गळतीच मिळते.

मग कुलंट. गाडीबरोबर आलेल्या जुन्या कुलंटात नाना वर्षानुवर्षं बोअरचं पाणीच भरत आले होते. ते म्हणत, आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग नव्याचा खर्च कशाला. डब्यावर लिहिलं होतं, निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळल्यास उणे ३७ अंशांपर्यंत गोठणार नाही.

नानी म्हणाल्या, "पहूरला?"

मिस्तरींनी समजावलं की हेच मिश्रण साध्या पाण्याच्या सात-आठ अंश पुढे उकळतं आणि त्यातल्या औषधानं आतला धातू गंजत नाही. खानदेशात त्याचे पैसे त्या दोन गोष्टींसाठी द्यायचे. हिरव्यात लाल आणि लालात निळं मिसळायचं नाही, वेगवेगळ्या जातींचं कुलंट एकत्र आलं की कधी कधी आत लगदा धरतो. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. तेवढा त्रास घ्यायचा.

शेवटचं काम हवा काढायचं. नव्यानं भरलेल्या पाण्यात हवेचा गोळा अडकला तर हीटर थंड आणि इंजिन गरम, अशी उलटी गत होते. म्हणून व्हॅनचं तोंड चढाकडे करून उभी केली, गार इंजिनाचं झाकण उघडं ठेवलं, दांडी लाल टोकाला नेली आणि इंजिन सुरू केलं. रेडिएटरकडची वाट अडवणारा थर्मोस्टॅट उघडायला पाणी ऐंशी-ब्याऐंशी अंशांवर जावं लागतं. तोवर वाट बघायची. मग पातळी गपकन खाली जाते, बुडबुडे येतात, भर घालायची. हे सगळं चालू असताना कुणी तरी आत बसून वारा गरम येतो का ते सांगावं लागतं. मिस्तरींनी नानांना आत बसवलं.

मे महिना, दुपार, व्हॅन, हीटर फुल. बाहेर अर्धं गाव.

"येते का नाना?"

"कोमट!"

"आता?"

"येतेय!"

"आता?"

आतून उत्तर आलं नाही. उपरणं हलताना दिसलं. मिस्तरी म्हणाले, "आलं. झाकण लावा."

नानांना बाहेर काढून टपरीवर नेलं, बर्फाचा उसाचा रस पाजला. रसाचे पैसे केळीवाल्या शेतकऱ्यानं दिले. जॉइनरबद्दल त्याला अजून थोडं वाईट वाटत होतं.

ती व्हॅन आज चालू आहे. काटा मध्ये राहतो, चटई कोरडी आहे, रेडिएटरमध्ये हळद नाही, आणि घाट लागला की नाना पाहुण्यांना विचारल्याशिवाय हीटर लावतात. तुम्ही जळगावहून अजिंठ्याला निघाला असाल आणि गाडीतून गोडसर वास येऊ लागला, तर गाडी गार होऊ द्या, ऑइलची पट्टी बघा, डाव्या पायाशी चटई चाचपा. पहूरला थांबून चहा जरूर प्या. फक्त चौफुलीवर सीट उचलू नका किंवा बोनेट उघडू नका. उघडायचंच असेल तर संध्याकाळपर्यंतचा वेळ हाताशी ठेवून या.